कशावरून? उताऱ्यातले शब्द उत्तरात आणताना

एका आईचा प्रश्न असा: "मुलगी दहावीला आहे, मराठी माध्यम. स्वमताच्या उत्तराखाली बाई दर वेळी लाल शाईने 'उताऱ्याचा आधार?' असं लिहितात. प्रश्नात मात्र 'तुमच्या शब्दांत लिहा' असं असतं. आधार द्यायला गेली की ती उताराच उतरवून काढते. स्वतःच्या शब्दांत लिहायला गेली की आधार सुटतो. नक्की करायचं काय? आणि अवतरणचिन्हं कुठे, किती, एकेरी की दुहेरी द्यायची?"

ताई, हीच तक्रार मी वर्गात 26 वर्षं ऐकली आणि पेपर तपासताना तिचे दोन्ही परिणाम पाहिले. काही उत्तरं म्हणजे उताऱ्याची झेरॉक्स. काही अशी की कुठल्याही उताऱ्याखाली चिकटवली तरी चालतील. मधली फार थोडी.

बाईंची लाल शाई आधी सोपी करून सांगते. 'उताऱ्याचा आधार?' म्हणजे 'कशावरून?' एवढंच. घरात मुलगी म्हणते, "आजी आज रागावलीय." तुम्ही विचारता, "कशावरून?" ती म्हणते, "रोज मला 'सोने' म्हणते, आज नुसती नावाने हाक मारली." झालं की उत्तर! आजीचं दिवसभराचं बोलणं तिने म्हणून दाखवलं नाही. एक शब्द उचलला आणि तो कुठे खटकला ते सांगितलं. हे तिला येतं. पेपर समोर आला की ती ते विसरते.

विसरण्यामागे आपल्या पिढीचाही थोडा हात आहे. आपल्या वेळी 'कोण कोणास म्हणाले?' असायचं, 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' असायचं. तिथे अवतरण पेपरातच छापलेलं असे, आपण फक्त ते कोणत्या पाठातलं, कोणी कोणाला म्हटलं ते लिहायचो. आता ते उलटं झालं आहे. विधान पेपरात असतं, त्याला आधार देणारे शब्द मुलीने उताऱ्यातून शोधायचे असतात. आपण घरी अभ्यास घेतो तो जुन्या सवयीने, पाठांतर करून घेत, आणि पाठांतर इथे फारसं उपयोगी पडत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे नको तिथे मेहनत होणार नाही. आकृतिबंध पूर्ण करा, चौकटी भरा, जोड्या लावा, 'असे शब्द शोधून लिहा' या आकलनाच्या कृतींमध्ये उत्तरच उताऱ्यात असतं. ते जसंच्या तसं उचला, अवतरणचिन्हं नकोत, विवेचन नको. अपठित, म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरच्या, उताऱ्यावरही बहुतेक हेच. आधाराचा प्रश्न येतो तो स्वमत, काव्यसौंदर्य आणि रसग्रहण या ठिकाणी. पठित गद्य उताऱ्याच्या 7 गुणांपैकी 3 स्वमताला असतात, तेव्हा तेवढ्याच जागी नीट लक्ष दिलं तरी पुष्कळ झालं.

आता प्रत्यक्ष उतारा घेऊ. पाठ्यपुस्तकातला घेत नाही. त्यावर गाइडमधली उत्तरं मुलांच्या डोक्यात आधीच बसलेली असतात. हा मी वर्गासाठी लिहिलेला आहे:

गिरणी बंद करायचं ठरलं त्याला आठवडा झाला होता. मोटार विकून झाली होती, पट्टा उतरवून खुंटीला टांगला होता. तरी तात्या पहाटे पाचला उठून गिरणीचं दार उघडत, दगडाभोवतालची जागा झाडत आणि खुर्चीत बसून राहत. आठच्या सुमारास शेजारची पारू डबा घेऊन आली. "तात्या, जुंधळं हायती दोन पायली. दळायचं व्हतं," ती म्हणाली. तात्यांनी डब्याचं झाकण काढलं, चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन पाहिले. "झ्याक हायती. यंदाचंच न्हवं?" एवढंच विचारलं, आणि झाकण लावून डबा परत दिला. पारूच्या लक्षात आलं. "इसरलेच मी," असं म्हणून ती डबा तिथंच दगडापाशी टेकवून उंबऱ्यावर बसली. मुलगा मागे म्हणाला होता, "इथं आता दुकान काढू, चार पैसे तरी येतील." तात्या त्यावर "काढ की" म्हणाले होते. पण दुकानाच्या फळ्या आल्या तेव्हा त्यांनी त्या बाहेर ओट्यावरच ठेवायला लावल्या.

प्रश्न: 'गिरणी बंद झाल्याचे दुःख तात्यांच्या मनात होते', हे उताऱ्याच्या आधारे तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

उतारा पुन्हा वाचा. 'दुःख' हा शब्द त्यात कुठेही नाही. डोळ्यांत पाणी नाही, हुंदका नाही, उसासासुद्धा नाही. मुद्दामच ठेवलेलं नाही.

वर्गात यावर येणारं पहिल्या जातीचं उत्तर: "मोटार विकून झाली होती, पट्टा उतरवून खुंटीला टांगला होता. तरी तात्या पहाटे पाचला उठून गिरणीचं दार उघडत, दगडाभोवतालची जागा झाडत आणि खुर्चीत बसून राहत. यावरून तात्यांना दुःख झाले होते हे दिसते." यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर मुलाचं स्वतःचं काय? उतारा तपासणाऱ्यासमोरही आहे. त्यातल्या नेमक्या कुठल्या शब्दावरून दुःख दिसलं, हे शोधायचं काम मुलाने तपासणाऱ्यावर ढकललं. आणि 'यावरून' हा तर मोठा लबाड शब्द. पाच ओळी उतरवून खाली 'यावरून' लिहिलं की सिद्ध झाल्यासारखं वाटतं, पण 'या' म्हणजे काय ते सांगितलेलंच नसतं.

दुसऱ्या जातीचं: "तात्यांचे गिरणीवर खूप प्रेम होते. आयुष्यभर कष्ट करून त्यांनी ती उभी केली होती. ती बंद झाल्यामुळे त्यांना अतिशय दुःख झाले. आजच्या यंत्रयुगात असे अनेक छोटे व्यवसाय बंद पडत आहेत." भाषा स्वच्छ, अक्षर सुंदर, आणि कशावरून? आयुष्यभर कष्ट केल्याचं उताऱ्यात नाही. गिरणी वडिलोपार्जितही असेल. यंत्रयुगाचं वाक्य तर तोंडपाठ करून आणलेलं आणि इथे उलटंच लागू होणारं, कारण गिरणी हेच एक यंत्र. हुशार मुलांचं हे उत्तर असतं, म्हणून त्यांना गुण कमी का पडले ते कळत नाही.

तिसरं, जसं मला हवं तसं:

"तात्या आपले दुःख बोलून दाखवत नाहीत, ते त्यांच्या वागण्यातून दिसते. मोटार विकल्यावर गिरणीत काम उरले नव्हते, 'तरी' ते पहाटे दार उघडून जागा झाडत. झाडून झाल्यावरही ते निघून जात नाहीत, 'बसून राहत'. या शब्दांतून त्यांचा रिकामा झालेला वेळ आणि न सुटणारी जागा दोन्ही जाणवतात. पारूचे धान्य दळता येणार नाही हे माहीत असूनही ते दाणे तळहातावर घेऊन पाहतात. मुलाला त्यांनी 'काढ की' अशी परवानगी दिली, पण दुकानाच्या फळ्या 'ओट्यावरच' ठेवायला लावल्या. तोंडाने दिलेला होकार मनाने दिलेला नव्हता, हे त्या 'च'मधून कळते."

यात उताऱ्यातून उचललेले शब्द मोजा. 'तरी' एक, 'बसून राहत' दोन, 'काढ की' दोन, 'ओट्यावरच' एक. सहा. आणि 'च' वेगळा धरलात तर सव्वासहा! बाकी सगळं स्वतःच्या शब्दांत. तुमच्या मुलीचं कोडं इथेच सुटतं. 'तुमच्या शब्दांत' आणि 'उताऱ्याचा आधार' यांच्यात भांडण नाहीच. वाक्य तिचं, त्यातला एखादा शब्द उताऱ्याचा.

आणखी एक बघा. तळहातावरच्या दाण्यांचा उल्लेख उत्तरात आहे, पण तिथे अवतरणचिन्ह नाही. कारण तिथे आधार आहे तो तात्यांच्या कृतीचा, लेखकाच्या शब्दांचा नव्हे. 'चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन पाहिले' हे कोणी वेगळ्या शब्दांत सांगितलं तरी पुरावा तेवढाच पक्का राहतो. 'ओट्यावरच'चं तसं नाही. 'फळ्या बाहेर ठेवल्या' असं स्वतःच्या शब्दांत लिहिलं की तो 'च' गळून पडतो आणि त्याच्याबरोबर मुद्दाही. म्हणून वर्गात मी म्हणायचे: कृती असेल तर सांगा, शब्द असेल तर उचला. घ्यावं की नाही असा संभ्रम पडला की तो शब्द बदलून पाहायचा. बदलल्यावरही मुद्दा उभा राहत असेल तर अवतरण नको.

मग उचलण्याजोगे शब्द ओळखायचे कसे? मुलं मोठे, अलंकारिक, संस्कृत वळणाचे शब्द शोधत बसतात. मराठीत खरी साक्ष बहुतेक वेळा बारक्या शब्दांत असते, आणि हे शिकवायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. च, ही, तरी, सुद्धा, मात्र, देखील. व्याकरणात यांतल्या बहुतेकांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतात आणि दोन गुणांपुरतं शिकवून सोडून देतात. 'आई आली' आणि 'आईही आली' यांत अख्खी गोष्ट बदलते. दुसऱ्या वाक्यात आईशिवाय आणखी कोणीतरी आलेलं आहे, आणि कदाचित आई येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. 'म्हणे' घ्या. 'तो आजारी आहे' ही बातमी, 'तो आजारी आहे म्हणे' यात सांगणाऱ्याने हात झटकले. उताऱ्यात 'म्हणे' दिसलं की निवेदकाचा विश्वास नाही किंवा त्याने ते ऐकीव म्हणून सांगितलंय, एवढं निदान तपासून बघावंच.

तसंच क्रियापदांचं. 'पैसे दिले' आणि 'पैसे देऊन टाकले' यांत हिशेब तोच, पण 'टाकले'मध्ये कटकट मिटवल्याची सुटका आहे. 'बोलला' आणि 'बोलून बसला' यांत दुसऱ्याला पश्चात्ताप चिकटलेला. तात्या 'बसले' नाहीत, 'बसून राहत'. आणि 'राहत', 'झाडत', 'उघडत' या रूपांमधून हे एका दिवसाचं नाही, रोजचं आहे, तेही कळतं. ज्या मुलीने रीतिभूतकाळ फक्त ओळखायला शिकलाय तिला तो इथे वापरता येत नाही. व्याकरणाचा तास आणि उताऱ्याचा तास आपण वेगळा ठेवतो त्याचा हा परिणाम.

हाक मारण्याची रीतही अशीच. 'तू' की 'तुम्ही', 'अहो' की 'अरे', आडनाव की पाळण्यातलं नाव. दोन माणसांच्या नात्यावर प्रश्न आला की आधी एकमेकांना काय म्हणतात ते पाहावं. एखाद्या गोष्टीत अहो-जाहो करणारा माणूस मध्येच अरे-तुरेवर आला तर तो शब्द सोन्याचा समजावा.

बोलीतले शब्द मात्र दुरुस्त करायचे नाहीत. पारू 'इसरलेच मी' म्हणते. उत्तरात मुली 'विसरलेच मी' असं शुद्ध करून लिहितात, वर अवतरणचिन्ह देतात. ते चूक. अवतरणचिन्हाच्या आत जे आहे ते ऱ्हस्व-दीर्घासकट मूळ माणसाचं. प्रमाणभाषा हवी असेल तर चिन्ह काढून टाका आणि 'आपण विसरल्याचे पारूने कबूल केले' असं लिहा. आणि तात्या-पारू एकाच बोलीत बोलतात, हासुद्धा त्यांच्या जवळिकीचा आधार होऊ शकतो, पण शुद्ध करून ठेवलात तर तोच पुसला जाईल.

आता वाक्यात बसवण्याची कारागिरी. मराठीत ही जरा अवघड आहे, कारण आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि चिकटताना शब्द वाकवतात. 'पट्टा' हा शब्द घेऊन 'पट्ट्या'ला असं लिहिलं तर चिन्हातला शब्द उताऱ्यातला राहिलाच नाही. युक्ती सोपी आहे. उचललेला शब्द जसाच्या तसा ठेवायचा आणि प्रत्यय पुढच्या नामाला लावायचा: 'तरी' या शब्दावरून, 'काढ की' या उत्तरातून, 'बसून राहत' या शब्दांनी. 'या शब्दातून', 'या उद्गारातून', 'असे म्हणताना' एवढी चार-पाच वळणं हातात बसली की काम भागतं.

सर्वनामाचा घोळ त्याहून जास्त. उतारा 'मी'च्या तोंडून असेल तर मुलं लिहितात: लेखकाला 'माझे मन भरून आले' असे वाटले. वाचताना ठेच लागते, लेखकाचं की लिहिणाऱ्याचं? इथे सर्वनाम बाहेर ठेवून उरलेलं उचलायचं: घर पाहून लेखकाचे मन 'भरून आले'. चिन्हाच्या आत शब्द बदलायचा नाही. मधला भाग गाळला तर तीन टिंबं द्यायची, आणि गाळल्यावर अर्थ उलटणार नाही एवढं पाहायचं. 'नाही' गाळून वाक्य आपल्या बाजूने फिरवणारी मुलंही मी पाहिली आहेत. लबाडीने नव्हे, घाईने.

एकेरी की दुहेरी, हाही तुमच्या प्रश्नात होता. शाळेतला नियम असा: बोलणाऱ्याच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं द्यायचं तर दुहेरी, शब्दावर जोर द्यायचा किंवा शब्द वेगळा काढून दाखवायचा तर एकेरी. आधार म्हणून एक-दोन शब्द उचलता तेव्हा एकेरी पुरेसं. यावरून कोणी गुण कापत बसत नाही, पण एका उत्तरात कधी हे, कधी ते, असं करू नये. तशी ही चिन्हं आपल्याकडे छापखान्याबरोबर, एकोणिसाव्या शतकात रुळली. जुन्या पोथ्यांत ती नव्हतीच. तिथे 'म्हणे' आणि 'म्हणितलें' हेच शब्द ते काम करत, म्हणजे कोण काय म्हणालं याबद्दल वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये.

हल्ली चिन्हं असूनही घोटाळा होतो. वरच्याच उताऱ्यावर 'तात्यांच्या स्वभावाची वैशिष्ट्ये लिहा' असं विचारलं की वर्गात निदान तीन-चार जण लिहितात: "तात्या व्यवहारी होते, कारण 'चार पैसे तरी येतील' असे त्यांना वाटे." ते मुलाला वाटत होतं! शब्द अचूक उतरवले, चिन्हं अचूक दिली, आणि साक्षीला भलताच माणूस उभा केला. म्हणून शब्दाखाली रेघ मारतानाच समासात एक अक्षर लिहायची सवय लावा: 'ता' तात्यांचं, 'पा' पारूचं, 'मु' मुलाचं, 'ले' लेखकाचं. वैचारिक उताऱ्यात तर हे फारच लागतं. तिथे लेखक आधी विरोधकाचं मत मांडतो, 'काही जण म्हणतात', 'असा एक समज आहे', आणि मग ते खोडतो. घाईत वाचणारी मुलं ते खोडलेलं मतच लेखकाचं म्हणून उत्तरात देतात.

कवितेबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. काव्यसौंदर्याच्या प्रश्नात ओळी पेपरातच छापलेल्या असतात, तरी मुलं उत्तराची सुरुवात त्या पुन्हा लिहून करतात. दोन ओळी गेल्या, वेळ गेला, हाती काही नाही. समजा ओळी अशा आहेत (माझ्याच आहेत, कविता म्हणून फार मनावर घेऊ नका):

गाव सुटले, वेस सुटली, सुटली ओळखीची वाट
पायांत मात्र अजून आहे मातीची एक गाठ

"या ओळींत यमक अलंकार आहे व त्यामुळे कवितेला नाद प्राप्त झाला आहे." हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल त्याची मोजदाद नाही. नाद कशावरून? कुठल्या दोन शब्दांचा? आणि नाद आला म्हणून काय झालं? त्याऐवजी असं: "पहिल्या ओळीत 'सुटले', 'सुटली', 'सुटली' असे तीनदा येते, जणू एकेक धागा सैल होत जातो. दुसऱ्या ओळीचा शेवट मात्र 'गाठ' या शब्दाने होतो. सगळे सुटल्यानंतर न सुटणारी एकच गोष्ट उरते, ती मातीशी असलेली. 'वाट' आणि 'गाठ' यांचे यमक जवळपास जुळते, पण अर्थाने एक दूर नेणारी आणि दुसरी धरून ठेवणारी." अलंकाराचं नाव आलं, शब्द दाखवले, आणि ते शब्द काय करतात तेही आलं. रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन भाग करायला शिकवतात, त्या तिन्हींत हीच रीत. फक्त एकच ओळ तिन्ही ठिकाणी वापरू नये.

तुम्ही कधी कीर्तन ऐकलं असेल तर ही रीत तुमच्या कानावर आहेच. महाराज एक मुद्दा मांडतात आणि म्हणतात, "प्रमाण?" मग अभंगाचा एखादा चरण येतो, मागचे टाळकरी तो उचलतात, आणि महाराज त्या चरणातला एक शब्द धरून पुन्हा मुद्द्यावर येतात. आधी मुद्दा, मग प्रमाण, मग त्या प्रमाणाचं विवरण. नवखा कीर्तनकार प्रमाणांमागून प्रमाणं फेकतो. पाठांतराचं कौतुक होतं, पण मूळ मुद्दा काय होता ते घरी जाताना कोणाला आठवत नाही. मुलांच्या उत्तरांत तिसरी पायरी, विवरण, हमखास गळते. अवतरण दिलं की काम झालं असं त्यांना वाटतं. वर्गात मी फळ्यावर नुसतं 'मु – प्र – वि' लिहून ठेवायचे. एरवी अशा आद्याक्षरी युक्त्या मला आवडत नाहीत, ही मात्र टिकली. 'वि'साठी निदान एक वाक्य हवं, आणि त्यात 'यावरून दिसते' याच्या पलीकडचं काहीतरी हवं: तो शब्द नसता तर काय झालं असतं, त्याच्या जागी कुठला साधा शब्द आला असता, किंवा तो कोणत्या दुसऱ्या शब्दाच्या विरोधात उभा आहे.

किती अवतरणं? तीन गुणांच्या उत्तराला दोन बरी, तीन पुष्कळ. माझ्या नमुन्यात चार ठिकाणी आहेत, पण ती एक-दोन शब्दांची. पूर्ण वाक्य उचलायचं तर एकच, आणि तेही दुसरा इलाज नसेल तेव्हा. 'स्वमत' म्हणजे 'तुम्हाला काय वाटते' असा प्रश्न असेल, उताऱ्याबाहेरचा अनुभव विचारला असेल, तर पहिल्या एक-दोन वाक्यांत उताऱ्यातल्या एका शब्दाला हात लावायचा आणि मग आपल्या अनुभवाकडे वळायचं. तिथे आधार हवा तो अनुभवाचाच. 'आमच्या गल्लीतली लोहाराची भट्टी' हे 'समाजातील अनेक व्यवसाय' यापेक्षा कितीतरी भक्कम.

घरी सराव कसा घ्यावा? गाइड बाजूला ठेवा. आठवड्यातून दोनदा वर्तमानपत्राच्या पुरवणीतला एखादा परिच्छेद पुरे. तिला पेन्सिल द्या आणि सांगा, रेघ मारायची ती जास्तीत जास्त तीन शब्दांखाली. सुरुवातीला ती कुरकुरेल, कारण मुलांना अख्खी ओळ रंगवायची सवय असते. ओळ रंगवली की वाचल्यासारखं वाटतं. मग तिने माणसाबद्दल किंवा लेखकाच्या मताबद्दल एक वाक्य बोलायचं आणि तुम्ही फक्त एक प्रश्न विचारायचा, कशावरून? दुसरं काही नाही. बरोबर-चूक सांगू नका. ती शब्द दाखवेल. तो शब्द तिच्या वाक्याला पेलत नसेल तर बहुतेक वेळा तिलाच कळतं, आणि ती वाक्य बदलते. 'तात्यांना खूप दुःख झालं होतं'मधला 'खूप' असाच गळतो. पुराव्याच्या मापाने विधान लहान करायला शिकणं, यातच निम्मा अभ्यास झाला. लिहायला महिन्याभराने लावलंत तरी चालेल.

आणि तिचं उत्तर तुमच्याहून वेगळं आलं तर घाबरू नका. याच उताऱ्यावर एका मुलाने लिहिलं होतं की तात्यांना दुःख वगैरे काही नव्हतं, ती नुसती सवय होती. माणूस निवृत्त झाला तरी त्याच वेळेला जागा होतो. 'काढ की' हे त्याने तुटक न मानता सहज मानलं. मला ते पटलं नाही. प्रश्नातलं विधानच त्याने नाकारलं होतं, म्हणून बोर्डाच्या पेपरात तो धोका पत्करू नकोस असं त्याला सांगितलं. पण शब्द दाखवून वाद घातला होता, म्हणून वर्गातल्या चाचणीत तीनपैकी तीन दिले.

दुसरी एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी. तिच्या उत्तरात दोनच अवतरणं होती: फळ्या 'ओट्यावरच' आणि डबा 'तिथंच दगडापाशी'. खाली लिहिलं होतं, नवं सामान आत येऊ दिलं नाही आणि जुनं बाहेर जाऊ दिलं नाही. पहिला 'च' तात्यांचा, दुसरा पारूचा, म्हणजे दुःख एकट्या तात्यांचं नव्हतं. उतारा माझा, शब्द मीच लिहिलेले, पाच-सहा वर्षं शिकवलेले. तो दुसरा 'च' मला दिसला नव्हता.